बँकेवर निर्बंध आले तर: ठेवीदार, कर्जदार आणि घर घेणाऱ्यांसाठी

घरांचा बाजार थंडावला आणि एखाद्या बँकेचे नाव वर्तमानपत्रात आले की वाचकांचे तेच ते प्रश्न पुन्हा येतात. पाच लाखांचा विमा प्रत्येक ठेवीला की सगळ्या ठेवींना मिळून? शाखा वेगळी असली तर? माझे गृहकर्ज त्याच बँकेचे आहे, हप्ता थांबवू का? पतसंस्थेतल्या पैशाला विमा असतो का? उत्तरे अवघड नाहीत. पण ती वेळेवर माहीत नसल्यामुळे लोकांचे जे नुकसान होते, ते बँक बुडाल्यामुळे होणाऱ्या नुकसानात भर घालते. म्हणून हा लेख.

घरे विकली गेली नाहीत तर बँक का अडचणीत येते

एवढे समजले तरी पुढचे निर्णय सोपे जातात. बिल्डर कर्ज काढून इमारत उभी करतो आणि सदनिका विकून ते फेडतो. विक्री थांबली की हप्ते थांबतात. मग काही बँका थकीत कर्ज उघड करण्याऐवजी जुन्याचे हप्ते भरायला नवे कर्ज देतात. कागदावर सगळे सुरळीत दिसते आणि आतला खड्डा वाढत जातो.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी बँक, हे आपल्याकडचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. तिच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होते. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार ते लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक खोटी कर्जखाती दाखवली गेली. एचडीआयएल ऑगस्ट २०१९मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबर रोजी, रिझर्व्ह बँकेने पीएमसीवर निर्बंध घातले. सुरुवातीला ठेवीदाराला काढता येणारी रक्कम होती १,००० रुपये.

त्याच वर्षी मार्चअखेर या बँकेने दाखवलेली थकीत कर्जे चार टक्क्यांहूनही कमी होती. ताळेबंद वाचून बँक पारखा, हा सल्ला सगळे देतात. पण लेखापरीक्षकांनी सही केलेले आकडेच खोटे असतील तर सामान्य ठेवीदाराने काय पारखायचे? माझे मत स्पष्ट आहे. कोणती बँक बुडेल याचा अंदाज बांधण्यात शक्ती घालवू नका. कोणतीही एक बँक उद्या बंद झाली तरी तुमचे घर चालेल, अशी पैशांची मांडणी करा.

पाच लाखांचा हिशेब

बँकेतील ठेवींना डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचे विमा संरक्षण असते. मर्यादा पूर्वी एक लाख होती. ४ फेब्रुवारी २०२०पासून ती पाच लाख आहे. हप्ता बँक भरते, तुम्हाला काही भरावे लागत नाही. बचत, चालू, मुदत आणि आवर्त या चारही प्रकारच्या ठेवी त्यात येतात. मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख, मुद्दल पाच लाख आणि वर व्याज असे नव्हे.

मुख्य नियम असा: एका बँकेत, एका व्यक्तीच्या, एकाच नात्याने असलेल्या सगळ्या शाखांमधील सगळ्या ठेवी एकत्र धरल्या जातात. ठाण्यातल्या एका जोडप्याचे कल्पित उदाहरण घेऊ. सगळी खाती एकाच नागरी सहकारी बँकेतली.

- पतीच्या एकट्याच्या नावे मुदत ठेव, व्याजासह: ४,५०,००० रुपये
- पतीच्या एकट्याच्या नावे बचत खाते: ८०,००० रुपये
- पतीच्या नावे डोंबिवली शाखेत आवर्त ठेव: ६०,००० रुपये
- पतीच्या एकमालकी दुकानाचे चालू खाते: १,५०,००० रुपये
- पत्नीच्या एकटीच्या नावे ठेव: ३,००,००० रुपये
- संयुक्त ठेव, पहिले नाव पतीचे: ४,००,००० रुपये
- संयुक्त ठेव, पहिले नाव पत्नीचे: २,००,००० रुपये

एकूण १६,४०,००० रुपये. पहिल्या चार रकमा पतीच्याच धरल्या जातात. शाखा वेगळी असल्याने फरक पडत नाही आणि एकमालकी दुकान कायद्याने मालकापासून वेगळे नसते. त्यांची बेरीज ७,४०,०००. त्यातले पाच लाख सुरक्षित, २,४०,००० विम्याबाहेर. पत्नीचे तीन लाख पूर्ण सुरक्षित. संयुक्त ठेवींमध्ये नावांचा क्रम वेगळा असल्यामुळे त्या दोन स्वतंत्र धरल्या जातात. चार आणि दोन लाख दोन्ही पूर्ण सुरक्षित. म्हणजे १४ लाख सुरक्षित आणि २,४०,००० उघड्यावर. दुकानाचे खाते आणि बचत खाते मिळून २,३०,००० होतात. हे दोन्ही दुसऱ्या बँकेत असते, तर इथे फक्त दहा हजार विम्याबाहेर राहिले असते.

आणखी तीन बारकावे:

- अज्ञान मुलाचे पालक म्हणून, किंवा भागीदारी संस्थेचे भागीदार म्हणून असलेले खाते वेगळ्या नात्याचे मानले जाते. त्याला स्वतंत्र पाच लाख.
- त्याच बँकेचे कर्ज तुमच्याकडे थकले असेल तर बँक ते ठेवीतून वजा करू शकते. विमा उरलेल्या रकमेवर लागतो.
- निर्बंध आल्यावर ठेवी फोडून वेगवेगळ्या नावांवर करता येत नाहीत. त्या दिवशी जशा असतील तशाच मोजल्या जातात.

ज्याला हा विमा नाही

इथे सर्वाधिक गैरसमज आहेत. गल्लीतल्या पाटीवर सहकारी हा शब्द दिसला की लोक ती बँकच समजतात.

- पतसंस्था, बहुराज्यीय पतसंस्था आणि गावची विकास सोसायटी
- गृहवित्त कंपन्या आणि इतर वित्त कंपन्यांच्या मुदत ठेवी, मग जाहिरात कितीही मोठी असो
- सहकारी बँकेचे भाग. सभासद म्हणून घेतलेले भाग ही मालकी आहे, ठेव नाही
- म्युच्युअल फंड, रोखे, डिबेंचर, बँकेच्या काउंटरवर विकलेले असले तरी

लॉकरमधले दागिने बँकेच्या ठेवी नाहीत. ते तुमचेच आहेत आणि बँकेच्या देणेकऱ्यांचा त्यांच्यावर हक्क नाही. लॉकर उघडण्याची वेळ शाखेत विचारून घ्या.

निर्बंध आले, पहिला आठवडा

बातमी बहुधा संध्याकाळी येते; आदेश त्या दिवसाचे कामकाज संपल्यापासून लागू होतो. सहकारी बँकांबाबत हे आदेश बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ अ खाली निघतात आणि साधारणपणे सहा महिन्यांसाठी असतात, पुढे वाढवताही येतात. निर्बंध म्हणजे परवाना रद्द होणे नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेपुढे रांग लावण्यापेक्षा पुढची कामे आधी करा.

१. आदेश स्वतः वाचा. तो रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असतो. किती रक्कम काढता येईल, वीज, भाडे, पगार अशा खर्चांना मुभा आहे का, ठेवीतून कर्ज वळते करता येईल का, हे त्यात लिहिलेले असते. व्हॉट्सअॅपवरचे आकडे धरून बसू नका.

२. पासबुक भरून घ्या, खातेउतारा उतरवून घ्या. ठेवपावत्यांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती काढा. अॅप चालू आहे तोवर हे काम उरका.

३. येणारा पैसा वळवा. पगार, निवृत्तिवेतन, दुकानाचे क्यूआर कोडवरचे पैसे, सरकारी अनुदान, भाडेकरूचे भाडे. या खात्यात आता येणारा प्रत्येक रुपया अडकू शकतो. नोकरी करत असाल तर आस्थापना विभागाला त्याच दिवशी नवा खाते क्रमांक कळवा.

४. जाणारा पैसा वळवा. दुसऱ्या बँकेच्या गृहकर्जाचा हप्ता, एसआयपी, विमा हप्ता, महावितरणचे बिल या खात्यातून आपोआप जात असतील तर ते परत जातील. हप्ता चुकला तर तुमच्या सिबिल गुणांवर डाग पडतो आणि कारण बँकेचे होते हे नंतर कोणी विचारात घेत नाही. नव्या खात्यातून एनएसीएच मँडेट बसायला दिवस लागतात. तोवर हप्ता हाताने भरा आणि पावती ठेवा.

५. दिलेले धनादेश आठवा. पुढच्या तारखेचे धनादेश कोणाला दिले असतील तर त्यांना लेखी कळवा आणि दुसऱ्या मार्गाने पैसे द्या. परत आलेल्या धनादेशामुळे तुमच्यावर नोटीस येऊ शकते.

६. केवायसी पूर्ण करा. आधार, पॅन, मोबाइल क्रमांक, सध्याचा पत्ता. विम्याचे पैसे अडकण्याचे हे सर्वांत साधे कारण आणि सर्वांत टाळण्याजोगे.

नव्वद दिवसांचा हक्क

पूर्वी परवाना रद्द होऊन अवसायक नेमला जाईपर्यंत विम्याचा एक पैसाही मिळत नसे. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला २०२२मध्ये. या काळात किती निवृत्तांनी औषधांसाठी दुसऱ्यांपुढे हात पसरला असेल, त्याची मोजदाद कुठल्याही अहवालात नाही. २०२१च्या दुरुस्तीने हे बदलले. १ सप्टेंबर २०२१पासून, निर्बंध आल्यावर ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळण्याची तरतूद आहे.

- पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांच्या दाव्यांची यादी डीआयसीजीसीकडे द्यायची.
- पुढच्या ३० दिवसांत छाननी.
- शेवटच्या १५ दिवसांत पैसे.

एका गोष्टीकडे लक्ष द्या. पैसे आपोआप येत नाहीत. तुम्ही संमतिपत्र भरून द्यावे लागते आणि दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील किंवा आधारशी जोडलेले खाते कळवावे लागते. शेवटची तारीख शाखेत लागते. गावाकडे राहणारे आईवडील, परदेशातला मुलगा, दवाखान्यात असलेले काका यांची खाती विसरू नका. त्यांच्यातर्फे कागद कोण देणार हे आधी ठरवा. संमतिपत्राची पोच शिक्क्यासह घ्या. बँकेच्या विलीनीकरणाची चर्चा चालू असेल तर ही मुदत आणखी ९० दिवसांनी वाढवली जाऊ शकते.

घाई असो वा नसो, संमतिपत्र भरा, असेच मी सांगेन. बँक सावरेल म्हणून वाट पाहणारे बरेच असतात. पण विम्याचे पैसे घेतल्याने पाच लाखांवरच्या रकमेवरचा तुमचा हक्क जात नाही.

पाच लाखांवर असेल तर

इथे एकच ठाम उत्तर नाही. बँकेचे पुढे काय होते त्यावर सगळे अवलंबून.

येस बँकेवर ५ मार्च २०२० रोजी ५०,००० रुपयांची मर्यादा आली आणि १८ मार्चला उठली. स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल घातले, ठेवीदारांचा पैसा वाचला. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०२५मध्ये निर्बंध आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

पीएमसीच्या ठेवीदारांची तशी सुटका झाली नाही. ती २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. व्यक्तिगत ठेवीदारांना विम्याच्या पाच लाखांनंतर पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाअखेर प्रत्येकी ५० हजारांपर्यंत, तिसऱ्या वर्षाअखेर एक लाख, चौथ्या वर्षाअखेर अडीच लाख, पाचव्या वर्षाअखेर साडेपाच लाख आणि उरलेली रक्कम दहा वर्षांनी, अशी योजना ठरली. ३१ मार्च २०२१नंतर पाच वर्षे व्याज नाही. त्यापुढे वार्षिक २.७५ टक्के. सत्तरीतल्या ठेवीदाराला दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशाचा काय उपयोग, हा प्रश्न त्या योजनेला कायम चिकटलेला राहील.

अशा विलीनीकरणाचा मसुदा आधी प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. मुदत थोडी असते. ठेवीदारांच्या संघटनेत सामील व्हा आणि स्वतःच्या नावाने, रकमेसह, लेखी हरकत पाठवा. बँकेचा परवानाच रद्द झाला तर अवसायकाकडे दावा नोंदवा. मालमत्ता विकून जे येईल त्यातून पुढची रक्कम मिळते, वर्षे लागतात.

कर्ज त्याच बँकेचे असेल तर

हप्ता थांबवू नका. बँक बुडाली म्हणून कर्ज बुडत नाही; ते घेणारी दुसरी बँक किंवा अवसायक ते वसूल करतोच. डीएचएफएल ही गृहवित्त कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा तिचे गृहकर्जदार पिरामल समूहाकडे गेले आणि हप्ते चालूच राहिले. त्याच कंपनीत मुदत ठेवी ठेवणाऱ्या मोठ्या ठेवीदारांना मात्र रकमेचा बराच भाग सोडावा लागला.

दर सहा महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा घ्या. बँकेकडे दिलेल्या मूळ कागदपत्रांची यादी, सही-शिक्क्यासह, तुमच्याकडे असलीच पाहिजे. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे बंधनकारक आहे. उशीर बँकेच्या चुकीने झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. हा नियम १ डिसेंबर २०२३पासून लागू आहे.

तुमची ठेव आणि कर्ज एकाच बँकेत असेल आणि आदेशात परवानगी असेल, तर ठेव कर्जात वळती करून घ्या. पाच लाखांवरचा पैसा वाचवण्याचा हा बऱ्याचदा एकमेव तात्काळ मार्ग असतो. ठेवपावती संयुक्त आणि कर्ज एकट्याचे असेल तर अडचण येऊ शकते, म्हणून अर्ज लेखी द्या आणि नकारही लेखी मागा.

घर अर्धवट, बिल्डर अडचणीत

बँक आणि बिल्डर एकाच वेळी कोसळले तर तुम्ही तिहेरी कात्रीत सापडता: भाडे, हप्ता आणि न मिळालेले घर. पर्याय तीन.

- महारेरा. ताबा ठरल्या तारखेला मिळाला नाही तर रेरा कायद्याच्या कलम १८ खाली पैसे व्याजासह परत मागता येतात; घर हवेच असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागता येते. दोन्हींपैकी एक निवडावे लागते.
- दिवाळखोरी प्रक्रियेत दावा. २०१८पासून घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको मानले जाते. प्रक्रिया सुरू झाल्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. त्यातल्या तारखेआधी दावा नोंदवा. एकदा प्रक्रिया सुरू झाली की इतर वसुली थांबते, त्यामुळे आधीच्या महारेरा आदेशावर विसंबून गप्प बसू नका.
- खरेदीदारांची संस्था. प्रकल्पाची नोंदणी रद्द झाली किंवा मुदत संपली तर उरलेले काम करून घेण्याचा पहिला हक्क खरेदीदारांच्या संस्थेला असतो. बिल्डरकडे पैसे उरलेले नसतात तेव्हा परताव्याच्या आदेशापेक्षा हा मार्ग जास्त उपयोगी पडतो, कारण निदान इमारत तरी उभी राहते.

नवीन घर घेत असाल तर ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरेल, या योजनेपासून दूर राहा. कर्ज तुमच्या नावावर असते. बिल्डरने हप्ते थांबवले की बँक तुमच्या दारात येते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने जुलै २०१९मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशी कर्जे देण्यापासून परावृत्त केले, ते उगीच नाही. विक्री करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

बाजार पडतो तेव्हा

आयएल अँड एफएस या वित्त कंपनीने सप्टेंबर २०१८मध्ये देणी थकवली आणि २१ सप्टेंबरला डीएचएफएलचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून अधिक कोसळला. अशा दिवशी निर्णय घेऊ नका. पण तुमच्याकडे नेमके काय आहे ते तपासा. डेट फंड म्हणजे मुदत ठेव नव्हे. त्यात कोणत्या कंपन्यांचे रोखे आहेत हे फंडाच्या मासिक पत्रकात असते. फंडाने बुडीत रोखे वेगळ्या कप्प्यात टाकले असतील तर ती युनिट्स तुमच्याच नावावर राहतात. वसुली झाली तर पैसे येतात, त्यामुळे खाते बंद करू नका. बँकेत जाऊन मुदत ठेवीपेक्षा जास्त व्याज देणारा कायमस्वरूपी रोखा कोणी सुचवला तर नाही म्हणा. येस बँकेच्या अशाच ८,४१५ कोटींच्या एटी-१ रोख्यांचे मूल्य शून्य करण्यात आले आणि ते प्रकरण न्यायालयात गेले. ठेवीदार मात्र सुखरूप राहिले.

अडचणीतल्या माणसाभोवती फिरणारे लोक

निर्बंधांनंतर फोन येऊ लागतात. कमिशन घेऊन अडकलेले पैसे काढून देतो म्हणणारा, ठेवपावती निम्म्या किमतीत विकत घेतो म्हणणारा, विम्याच्या दाव्यासाठी लिंक पाठवणारा. विम्याच्या दाव्याला कोणतेही शुल्क नाही. ओटीपी कोणालाही देऊ नका. बँकेच्या सेवेबद्दल तक्रार असेल, उदाहरणार्थ संमतिपत्र घेतले नाही किंवा कागद परत दिले नाहीत, तर आधी बँकेकडे लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. निर्बंधांतील मर्यादेहून अधिक पैसे काढून देण्याचा अधिकार लोकपालाला नाही, त्यासाठी तिथे वेळ घालवू नका.

सगळे ठीक चालले असताना करायची कामे

एका रविवारी घरातली सगळी खाती एका कागदावर मांडा, वरच्या उदाहरणासारखी. प्रत्येक बँकेत प्रत्येक नात्याने व्याजासह पाच लाखांच्या आत बसता का ते पाहा. मुदत ठेव वाढत जाते, म्हणून सुरुवात साडेचार लाखांच्या आसपास करा. तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे दुसऱ्या बँकेत ठेवा आणि त्या खात्याचे कार्ड, यूपीआय चालू ठेवा. वारसनोंद तपासा, १ नोव्हेंबर २०२५पासून ठेवखात्याला चारपर्यंत नामनिर्देशन करता येते.

गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार किंवा सचिव असाल तर तुमची जबाबदारी आणखी मोठी. दोनशे घरांच्या दुरुस्ती निधीचे साठ लाख एका बँकेत असले तरी संस्था हा एकच ठेवीदार आणि विमा पाच लाखांचा. पीएमसीत संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेपैकी ८० टक्के रक्कम एक टक्का लाभांशाच्या प्राधान्य भागांत आणि बाकीची वॉरंटमध्ये बदलली गेली. रंगकाम किंवा लिफ्टसाठी त्यातला पैसा हाती आला नाही. सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये संस्थेने पैसे कुठे गुंतवायचे याचे नियम आहेत. त्या चौकटीत राहून निधी दोन-तीन बँकांत विभागण्याचा ठराव पुढच्या समिती बैठकीत घ्या, मुदती संपण्याच्या तारखा वेगवेगळ्या ठेवा आणि त्या ठरावाची प्रत सूचना फलकावर लावा.